मानांकन संस्था बदलताना: आमच्या ग्राहक रुग्णालयांसाठी माहितीपत्रक

सध्याच्या संस्थेचे मानांकन (रुग्णालयाचा दर्जा ठरलेल्या मानकांनुसार तपासून दिलेली मान्यता) सोडून दुसऱ्या संस्थेकडे जाण्याचा विचार करणारी रुग्णालये आम्हाला पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, की हातातले प्रमाणपत्र नव्या संस्थेकडे वर्ग करून मिळेल का. बँकेचे खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग व्हावे, तसे येथे सहसा होत नाही. बहुतेक मानांकन संस्थांची मानके त्यांची स्वतःची असतात, त्यामुळे अर्ज, पाहणी आणि निर्णय हे तिन्ही टप्पे नव्याने पार पाडावे लागतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात राष्ट्रीय मानके सर्वांना समान आहेत आणि तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था अनेक आहेत. तेथे हा बदल तुलनेने सोपा जातो.

रुग्णालयाची प्रयोगशाळा आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या मानकानुसार मानांकित असेल, तर ते मानांकन स्वतंत्र असते आणि रुग्णालयाने संस्था बदलली म्हणून त्याला धक्का लागत नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचे प्रमाणपत्र मात्र एका प्रमाणन संस्थेकडून दुसरीकडे रीतसर हस्तांतरित करता येते. मुख्य अट अशी, की ते वैध असले पाहिजे. स्थगित झालेले प्रमाणपत्र हस्तांतरित होत नाही.

नवी संस्था निवडताना शुल्काचा तक्ता सर्वांत आधी पाहिला जातो, तो आम्ही सर्वांत शेवटी पाहावा असे सुचवतो. आधी पाहणीचे चक्र पाहावे. जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या मानांकन संस्थेचे मानांकन तीन वर्षांसाठी असते. डीएनव्ही या दुसऱ्या मानांकन संस्थेचे पथक दरवर्षी येते. दर तीन वर्षांनी धावपळ करून उरलेला काळ निवांत राहण्याची सवय असलेल्या रुग्णालयाला वार्षिक पाहणी पहिल्या वर्षी जड जाते, पुढे मात्र तीच सोयीची वाटू लागते. आंतरराष्ट्रीय ओळख हवी असल्यास १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इस्क्वा या आरोग्यसेवेच्या दर्जासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या व्यवस्थेत मानांकन संस्थेला मिळालेली मान्यता तपासावी. ही मान्यता मानकांना, मानांकन संस्थेला आणि निरीक्षकांच्या प्रशिक्षणाला वेगवेगळी मिळते, म्हणून ‘इस्क्वामान्य’ या एका शब्दावर समाधान न मानता यांपैकी नेमके कशाला मान्यता आहे आणि ती मानकांच्या कोणत्या आवृत्तीला आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

खरे काम तुलनातक्त्याचे आहे. जुन्या आणि नव्या मानकांतील कलमे शेजारी शेजारी मांडली, की बराचसा भाग जुळलेला दिसतो आणि तेथेच फसगत होते, कारण कलम तेच असले तरी पुराव्याची अपेक्षा निराळी असू शकते. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाचे उदाहरण घ्या. एका पाहणीत अतिजोखमीच्या औषधांचे धोरण, त्यावरील सही आणि प्रशिक्षणाची हजेरी पाहून निरीक्षक पुढे जातात. दुसऱ्या पाहणीत ते एका रुग्णाची फाइल हाती घेऊन वॉर्डात येतात, औषधांचे कपाट उघडायला सांगतात, तो अँप्यूल इतर औषधांपासून वेगळा ठेवला आहे का, हे पाहतात आणि रात्रपाळी संपवून निघालेल्या परिचारिकेला विचारतात, की औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख आपण कोणत्या दोन गोष्टींवरून पटवता. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही धोरणाच्या फाइलमध्ये सापडत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात प्रत्येक कलमापुढे ‘हे कोण दाखवणार’ असा एक जादा रकाना असतो, आणि भरायला सर्वाधिक वेळ तोच घेतो.

वेळापत्रक जुन्या प्रमाणपत्राच्या मुदतीपासून उलटे मोजत आखावे. नव्या मानकांनुसार काही महिने काम झाल्याच्या नोंदी पाहणीत मागितल्या जातात, पाहणीनंतर त्रुटी दूर करायला अवधी लागतो आणि निर्णयालाही वेळ लागतो. दोन प्रमाणपत्रांमध्ये खंड पडला, तर त्या काळात रुग्णालयाला स्वतःला मानांकित म्हणवून घेता येत नाही, आणि विमा कंपन्यांशी झालेल्या ज्या करारांत मानांकनाची अट आहे ते अडचणीत येतात. हे करार आधी काढून वाचावेत. ही अट बहुधा परिशिष्टात असते.

मागील पाहणीतील त्रुटी टाळण्यासाठी संस्था बदलायची असेल, तर ती बदलू नये असेच आम्ही सांगतो. नवी संस्था मागचा अहवाल मागू शकते, आणि तो मागितला नाही तरी ज्या त्रुटी वॉर्डात आहेत त्या नव्या पथकालाही दिसतात. आमच्या पहिल्या भेटीत तो अहवाल आहे तसा, शेऱ्यांसह, सोबत आणावा.

जुन्या संस्थेला माघारीचे पत्र नवा निर्णय लेखी हाती आल्यावरच द्यावे, मात्र करारातील पूर्वसूचनेची मुदत आधीच पाहून ठेवावी. त्यानंतर जुने बोधचिन्ह काढण्याचे काम उरते. प्रवेशद्वारावरील फलक आणि संकेतस्थळ सर्वांच्या लक्षात राहते; संमतिपत्राच्या तळटीपेतले, डिस्चार्ज कार्डावरचे आणि लिफ्टच्या दारावरील स्टिकरमधले बोधचिन्ह राहून जाते. छापील फॉर्मची नवी मागणी नोंदवण्यापूर्वी भांडार विभागाला याची सूचना द्यावी.