टायरच्या हवेचा दिवा: कायदा एक, सेन्सर शिकवण्याच्या तऱ्हा अनेक

टायरमधला दाब मोजणारा सेन्सर नवा, हवा बरोबर, तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जात नाही. अशा वेळी बहुतेकदा सेन्सर चांगला असतो, फक्त तो आपला आहे हे गाडीला कळलेले नसते. ते कळवण्याचे काम एका गाडीत चावी आणि एका छोट्या टूलवर भागते, दुसरीत स्कॅनर जोडावाच लागतो, तिसरीत नुसती गाडी चालवली की पुरते. ही तफावत तंत्राच्या गरजेतून आलेली नाही. नियम ज्या क्रमाने आणि ज्या घाईत झाले, त्यातून ती आली आहे.

प्रवासी गाडीत टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा पहिल्यांदा आली ती १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये. ताशी ३०० किलोमीटर ओलांडणाऱ्या गाडीत हवा उतरलेली वेळेत कळणे ही जिवाची गोष्ट होती. पुढे रन-फ्लॅट टायर आले. त्यांची बाजू इतकी ताठ असते की हवा गेली तरी टायर बसलेला दिसत नाही, म्हणून त्यांच्यासोबत सेन्सर देणे भागच पडले. दरम्यान एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, एक स्वस्त वाट निघाली. हवा कमी झाली की चाकाची फिरती त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक इतरांपेक्षा थोडे वेगाने फिरते. तो फरक एबीएसचे सेन्सर पकडतात. या अप्रत्यक्ष पद्धतीत टायरमध्ये काहीच बसवावे लागत नाही. पण चारही टायर सारखेच उतरले तर तुलना करायला चाकच उरत नाही. नंतरच्या पिढीने चाकाच्या कंपनांचे विश्लेषण करून ही उणीव बरीच भरून काढली.

खरी कलाटणी २००० साली अमेरिकेत मिळाली. फोर्ड एक्सप्लोररवर बसवलेल्या फायरस्टोन टायरांचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा थर, सुटून गाड्या उलटत होत्या. ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. या अपघातांशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंचा आकडा २७० च्या वर गेला. फोर्डची शिफारस २६ पीएसआयची (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) होती, तर टायर कंपनी ३० सांगू लागली. दोष कोणाचा यावर दोघांची जुंपली. पण कमी हवेने टायर जास्त वाकतो, वाकण्याने तापतो आणि तापल्याने थर सुटतात, याबद्दल दुमत नव्हते. १ नोव्हेंबर २००० रोजी ‘ट्रेड’ नावाच्या वाहन-सुरक्षा कायद्यावर सही झाली आणि हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचे काम महामार्ग सुरक्षा खात्याकडे आले.

खात्याच्या २००२ च्या पहिल्या नियमात अप्रत्यक्ष पद्धतीला पळवाट होती: एकाच टायरमधली ३० टक्के घट दाखवली तरी चालेल. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या आणि २००३ मध्ये ही सवलत रद्द झाली. एप्रिल २००५ मध्ये आलेला मानक क्रमांक १३८ आजही पाया आहे. एक ते चार, कितीही टायर २५ टक्के उतरले तरी २० मिनिटांत दिवा लागला पाहिजे. म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या, शिफारशीचा दाब सांगणाऱ्या पट्टीत ३२ पीएसआय असेल तर २४ ला. पट्टीवरचा आकडाच फार कमी असेल तर साध्या कार टायरसाठी १४० किलोपास्कल, म्हणजे सुमारे २० पीएसआय, हा तळ ठरवला. एक्सप्लोररच्या २६ ला २५ टक्के लावले तर १९.५ येतात, हे पाहिले की हा तळ का लागला ते कळते. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांना हे सक्तीचे झाले.

दुरुस्ती करणाऱ्याला या मानकातले सर्वात उपयोगी वाक्य दिव्याच्या वागणुकीबद्दल आहे. दिवा लागून स्थिर राहिला तर हवा कमी आहे. चावी फिरवल्यावर ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड आहे. हा फरक न पाहता सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. तापमान साधारण ५ ते ६ अंश सेल्सिअसने घटले की १ पीएसआय कमी होतो. त्यामुळे गार पहाटे स्थिर दिवा लागला आणि दुपारी गेला, तर टायर थंड असताना पट्टीप्रमाणे हवा भरावी. तिथे बाकी काही करायचे नसते.

पण सेन्सरने गाडीशी कोणत्या भाषेत बोलायचे आणि नव्या सेन्सरची ओळख गाडीला कशी पटवायची, यावर मानक गप्प राहिले. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, बहुधा ८ अक्षरी हेक्स (० ते ९ आणि A ते F या चिन्हांत लिहिलेला). सेन्सर दाब आणि तापमान रेडिओवर पाठवतो: उत्तर अमेरिकेत मुख्यतः ३१५ मेगाहर्ट्झवर, युरोपात ४३३ वर. त्याला जागे करायला १२५ किलोहर्ट्झचा संकेत लागतो. एवढे सामाईक, बाकी ज्याचे त्याने ठरवले.

जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत शिकवण्याची अवस्था सुरू केली की हॉर्न दोनदा वाजतो. मग पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे उजवे, मागचे डावे, याच क्रमाने व्हॉल्व्हजवळ टायरच्या बाजूला टूल धरायचे. प्रत्येक चाकाला हॉर्न एकदा वाजतो. मुदत पहिल्या चाकाला दोन मिनिटे, सगळ्यांना मिळून पाच. सुरुवातीला टूलऐवजी व्हॉल्व्हवर चुंबक ठेवत किंवा थोडी हवा सोडत. जवळ दुसरी चाके किंवा सुटे सेन्सर पडलेले असतील तर भलताच आयडी नोंदला जातो आणि मग हवा मागे कमी असते, स्क्रीन पुढचे चाक दाखवते.

टोयोटाच्या अनेक गाड्यांत आयडी ओबीडी सॉकेटमधूनच, म्हणजे स्कॅनर जोडायच्या जागेतूनच, लिहावे लागतात. स्टिअरिंगखालचे बटण दिवा तीनदा लुकलुकेपर्यंत दाबले की झाले, असा समज फार पसरलेला आहे. जुन्या मॉडेलांत ते बटण फक्त त्या क्षणीचा दाब प्रमाण म्हणून साठवते, नवा सेन्सर शिकत नाही. टायर तापलेले किंवा उतरलेले असताना ते दाबले तर प्रमाणच चुकते. काही युरोपीय गाड्या मात्र चालता चालता आपणच शिकतात.

युरोपात सक्ती नंतर आली: नव्या मॉडेलांना नोव्हेंबर २०१२ पासून, सर्व नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१४ पासून. मर्यादा २० टक्क्यांची, तरीही सुधारलेल्या अप्रत्यक्ष पद्धतीला तिथे जागा राहिली. अशा गाडीत हवा भरल्यावर मेनूतून रीसेट करायचे असते, सेन्सर शोधत टायर उघडायचा नसतो. व्हॉल्व्ह रबरी आहे म्हणून आत सेन्सर नाही असे मात्र धरू नये. रबरी व्हॉल्व्हचे सेन्सरही मिळतात.

सक्तीच्या पहिल्या गाड्यांचे सेन्सर काही वर्षांनी लाटेसारखे मरू लागले, कारण आतला लिथियम सेल राळेत गाडलेला असतो आणि ५ ते १० वर्षांत संपतो. शेकडो प्रकारचे सेन्सर साठवणे दुकानांना परवडेना, त्यातून प्रोग्रॅम करता येणारे कोरे सेन्सर आले. इथे दोन कामांची गल्लत होते. कोऱ्या सेन्सरमध्ये त्या गाडीची भाषा भरणे म्हणजे प्रोग्रॅमिंग. त्याचा आयडी गाडीला कळवणे म्हणजे रीलर्न. पहिले केले म्हणून दुसरे आपोआप होत नाही. जुन्याच आयडीची नक्कल केली तर रीलर्न टळते, पण त्याच आयडीचा दुसरा संच गाडीजवळ ठेवला तर दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळतात.

म्हणून टायर रिमवरून काढण्याआधी चारही चाके टूलने वाचावीत आणि आयडी, दाब, बॅटरी लिहून ठेवावी. एकच गप्प असेल तर तो सेन्सर गेला. चारही गप्प असतील तर आधी टूलमधले मॉडेल आणि वर्ष तपासावे. चारही बोलतात आणि गाडीला ऐकू येत नसेल, तर नोंदवलेले आयडी ताडून पाहावेत, रेडिओ संकेतात अडथळा आणू शकणारा केबिनमधला स्वस्त चार्जर काढून पाहावा आणि शेवटी रिसीव्हरकडे वळावे. काही सेन्सरवर आयडी दशमान अंकांत छापलेला असतो. तो हेक्स समजून भरला की सगळे बरोबर करूनही दिवा तसाच राहतो.

यांत्रिक दोष त्याहून साधे. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन बसवली तर दोन धातूंत गंज धरतो आणि पिन पुढे निघतच नाही. तिथे निकेलचा मुलामा असलेलीच पिन लागते. टायर बदलताना रबरी वायसर, नट, पिन आणि टोपी नवीन घालावी. नट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कनेच आवळावा. तो बहुधा ४ ते ८ न्यूटन-मीटर असतो. पंक्चर बुजवायला टायरमध्ये भरलेला फेस सेन्सरचे छिद्रही बुजवतो. बिड तोडताना, म्हणजे टायरची कड रिमपासून सोडवताना, मशीनचा दाब व्हॉल्व्हजवळ आला तर सेन्सर तिथेच फुटतो.

अलीकडे टेस्लासारख्या काही गाड्यांचे सेन्सर ब्लूटूथवर गेले आहेत. ३१५ आणि ४३३ ऐकणारे जुने टूल त्यांच्यापुढे बहिरे ठरते, आणि चांगला सेन्सर मेलेला समजून बदलला जातो.