वाटेत चिकटवलेली बनावट कुकी

ब्राउझरची इन्कॉग्निटो नावाची ती काळी खिडकी उघडली की आपल्याला कोणी बघत नाही, असं मानणारे चांगले शिकलेले लोक भरपूर भेटतात. क्रोमच्या त्याच खिडकीत स्पष्ट लिहिलेलं असतं की तुम्ही काय पाहताय ते वेबसाइटला, ऑफिसच्या नेटवर्कला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसू शकतं. पण ते वाचतो कोण! इन्कॉग्निटो तुमच्या मशीनवर इतिहास आणि कुकी (साइटने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद) मागे ठेवत नाही, बस. घरातल्यांपासून लपवायला तेवढं पुरतं.

दुसरा लाडका समज म्हणजे फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो. मिक्सरचा विषय निघाला आणि तासाभरात मिक्सरची जाहिरात दिसली! अहो, घरातल्याच कुणीतरी त्याच वायफायवर आधी मिक्सर शोधलेला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. आपण काय शोधतो, काय वाचतो हे एवढं उघड्यावर पडलेलं असताना कान लावण्याची मेहनत कोण घेईल?

गूगल किंवा फेसबुक आवडत नसेल तर टाळता तरी येतं. पण घरात येणारी वायर एकच असते आणि सगळी ये-जा तिच्यातूनच होते. त्या वायरीच्या मालकाला जाहिरातींचा मोह झाला तर काय होतं, याचा मला सर्वांत रंजक वाटणारा नमुना ब्रिटनमधला आहे.

फॉर्म नावाची कंपनी होती. आधी ती 121मीडिया या नावाने लोकांच्या संगणकावर जाहिराती दाखवणारी सॉफ्टवेअरं बनवत असे. पुढे तिने इंटरनेट पुरवणाऱ्या ब्रिटिश टेलिकॉमशी, म्हणजे बीटीशी थेट हातमिळवणी केली: ग्राहक काय पाहतात ते वायरीतच वाचायचं आणि त्यावरून जाहिराती दाखवायच्या. 2006 आणि 2007 मध्ये बीटीने हजारो ग्राहकांवर त्यांना न सांगता चाचण्या केल्या. 2008 मध्ये हे सगळं बाहेर आलं. तोपर्यंत ‘वेबवाइज’ या नावाने सुधारित यंत्रणा तयार होती. केंब्रिज विद्यापीठाचे रिचर्ड क्लेटन यांनी ती कंपनीकडूनच समजून घेतली आणि एप्रिल 2008 मध्ये तिचं सविस्तर वर्णन लिहिलं.

फॉर्मपुढे अडचण अशी होती. वायरीतून जाणारी पानाची मागणी कोणाच्या ब्राउझरची, हे कसं ओळखायचं? आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर जोडणीला मिळालेला क्रमांक, बदलतो, शिवाय एका घरातले चार जण तोच वापरतात. कुकीत क्रमांक ठेवावा, तर ब्राउझरचा नियम पक्का आहे: ज्या साइटने कुकी दिली तिलाच ती परत द्यायची. वेबवाइजची कुकी वर्तमानपत्राच्या साइटकडे जाणारच नाही.

यावर काढलेली तोड पाहा. तुम्ही वर्तमानपत्राची साइट उघडता. ती मागणी बीटीच्या जाळ्यातलं यंत्र मध्येच अडवतं आणि साइटच्या वतीने स्वतःच उत्तर देतं: संकेत 307, म्हणजे ‘पान तात्पुरतं दुसरीकडे आहे, वेबवाइजकडे जा’. ब्राउझर बिचारा आज्ञाधारक. तो वेबवाइजकडे जातो आणि नियमाप्रमाणे तिची कुकी दाखवतो. कुकी नसेल तर वेबवाइज 16 बाइटचा नवा क्रमांक देऊन टाकते. मग पुन्हा 307, ‘जा वर्तमानपत्राकडे’. पण या वेळी पत्त्याच्या शेपटीला तो क्रमांक जोडलेला असतो. ही मागणीही यंत्र अडवतं, शेपटीतला क्रमांक उचलतं आणि वर्तमानपत्राच्या नावाने सांगतं, ‘ही माझी कुकी, ठेव जपून.’ ब्राउझरच्या दृष्टीने ती खरोखर वर्तमानपत्राचीच. तिसऱ्या 307 ने स्वारी मूळ पानाकडे निघते. आता प्रत्येक मागणीसोबत क्रमांक आपोआप येतो. यंत्र तो वाचतं, कुकी सोलून काढतं आणि मागणी पुढे पाठवतं. आपल्या नावावर कुकी खपवली गेली याचा वर्तमानपत्राला पत्ताही नाही.

पान परत येताना त्याची एक प्रत बाजूला वळवली जाई. त्यातले सर्वाधिक वेळा आलेले दहा शब्द, पानाचा पत्ता आणि शोधलेले शब्द घेऊन तुमची आवड ठरवायची, क्रमांकापुढे ती नोंदवायची आणि कच्चा माल फेकून द्यायचा. ‘आम्ही काहीच साठवत नाही’ हा फॉर्मचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. गूगल त्याहून कितीतरी जास्त साठवत होतं. पण न साठवता वाचलं तरी ते वाचणंच आहे, आणि दुसऱ्याच्या नावाने कुकी ठोकणं ही सरळ तोतयेगिरी आहे.

एप्रिल 2009 मध्ये युरोपीय आयोगाने ब्रिटनवर कारवाई सुरू केली, जुलैत बीटीने माघार घेतली. फॉर्मने मग इतर देशांत नशीब अजमावलं आणि 2016 मध्ये गाशा गुंडाळला. मोह मात्र संपला नव्हता. अमेरिकेत व्हेरायझन ही कंपनी मोबाइल ग्राहकांच्या मागण्यांमध्ये एक ओळख क्रमांक परस्पर घुसवत असे. कुकी पुसा, इन्कॉग्निटो वापरा, तो जाणारच, कारण मागणीने फोन सोडल्यावर तो वाटेत चिकटे. 2016 मध्ये तिला साडेतेरा लाख डॉलर भरावे लागले. भारतातही 2015 मध्ये एअरटेलच्या थ्रीजीवर उघडलेल्या पानांमध्ये परकी स्क्रिप्ट (पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम) घुसवली जात असल्याचं बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरने दाखवून दिलं होतं.

माझ्या मते या सगळ्या युक्त्या कायद्यापेक्षा कुलपाने मोडल्या. हे चालत होतं ते साध्या एचटीटीपीवर, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्या उघड्या बोलण्यावर. एचटीटीपीएसमध्ये मजकूर कूटबद्ध होतो आणि समोर खरी साइटच आहे याचा दाखलाही तपासला जातो. मधल्या यंत्राला खोटं 307 देता येत नाही, दिलं तर ब्राउझर बोंब मारतो. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने हे दाखले फुकट वाटायला सुरुवात केली आणि काही वर्षांत बहुतेक वेब कुलूपबंद झालं.

तरी इंटरनेट कंपनीला काय उरलं? एसटीच्या कंडक्टरला तुम्ही कुठे उतरलात ते कळतं, तिथे कोणाला भेटलात ते नाही. साइटचा पत्ता आधी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, नाव सांगून विचारावा लागतो, तो प्रश्न बहुतेकदा उघडाच जातो. तो झाकला, तरी एचटीटीपीएसच्या पहिल्याच संदेशात एसएनआय नावाच्या रकान्यात तेच नाव पुन्हा उघडं असतं, कारण एकाच सर्व्हरवर शेकडो साइट नांदतात आणि कोणाचा दाखला द्यायचा हे त्याला कूटबद्ध बोलणं सुरू होण्याआधी कळायला हवं. नुसती नावंही बोलकी असतात. मधुमेहाची साइट, कर्जाची साइट, लग्न जुळवणारी साइट, आणि कोणती किती वाजता.

यावर व्हीपीएनच्या जाहिराती ‘सैनिकी दर्जाची सुरक्षा’ विकतात. व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी ये-जा कूटबद्ध करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा. ती घेतल्याने पाहणारा फक्त बदलतो. पूर्वी वायरवाला बघायचा, आता व्हीपीएनवाला, आणि तो बहुधा परदेशातला.

एसएनआयचा तो रकानाही झाकायची सोय 2023 पासून क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आली आहे. पण ती साइटच्या बाजूनेही असावी लागते. शिवाय आयपी पत्ता उरतोच. साइट आणि वाचक यांच्या मध्ये उभं राहून पानं पोचवणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या मोठ्या सेवेमागे लाखो साइट एकाच पत्त्यांवर असतात, तिथे इंटरनेट कंपनीला फक्त ‘क्लाउडफ्लेअर’ एवढंच दिसतं. स्वतःच्या पत्त्यावर एकटीच राहणारी छोटी साइट मात्र लगेच ओळखू येते. आणि क्लाउडफ्लेअरला? त्याला तर मजकुरासकट सगळं दिसतं, कारण कुलूप उघडतं ते त्याच्याच दारात.