‘द डॉटर ऑफ डॉन’: हरवलेला मूकपट परत मिळाला त्यामागची कथा

१९२० साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, विचिटा डोंगरांत ‘द डॉटर ऑफ डॉन’चं चित्रीकरण झालं. दिग्दर्शक नॉर्बर्ट माइल्स गोरा. पण पडद्यावर दिसणारी तीनशेच्या आसपास माणसं किओवा आणि कोमांची या मूळ रहिवासी जमातींची. मूळ रहिवाशांच्या भूमिका रंग फासून गोऱ्या नटांनी करायच्या, हे त्या काळात सर्रास चालायचं.

कथा तशी बेताचीच. टोळीप्रमुखाची मुलगी, तिच्यासाठी झुरणारे दोन तरुण, आणि खरा शूर कोण हे ठरवायला कड्यावरून उडी. मोल आहे ते माणसांचं आणि त्यांच्या वस्तूंचं. पोशाख, घोडे, टिपी म्हणजे निमुळते तंबू, हे सगळं लोकांनी घरून आणलं होतं. लढायांची चित्रं रंगवलेली त्यातली एक टिपी आज ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहे.

नायक व्हाइट पार्कर आणि दुसऱ्या एका प्रमुख भूमिकेतली वानाडा ही भावंडं, कोमांचींचा नेता क्वाना पार्कर याची मुलं. क्वाना १८७५ मध्ये अमेरिकी सैन्याला शरण आला. पुढे १९०१ मध्ये या जमातींसाठी राखून ठेवलेला प्रदेशही बाहेरच्यांना वसाहतीसाठी खुला झाला. ज्या बायसनवर, म्हणजे अमेरिकी रानगव्यांवर, या लोकांचं जगणं उभं होतं, ते शिकाऱ्यांनी जवळपास संपवलेच होते. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन रेल्वेने आणून विचिटात सोडावे लागले. तेरा वर्षांनी त्याच डोंगरांत शिकारीचं दृश्य घेतलं गेलं. ते पाहताना हा इतिहास माहीत असायलाच हवा, असं मला वाटतं.

चित्रपटाचे मोजकेच खेळ झाले आणि तो दिसेनासा झाला. त्या काळी वापरली जाणारी नायट्रेट फिल्म पेट घेते, कुजते. मूकपटांचा मोठा हिस्सा असाच गेला. ही रिळं मात्र टिकली. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका खासगी गुप्तहेराला ती कामाच्या मोबदल्यात मिळाली होती. २००७ मध्ये हिस्टॉरिकल सोसायटीने ती विकत घेऊन दुरुस्त करवली. नवं संगीत दिलं डेव्हिड येगली या कोमांची संगीतकाराने आणि ते वाजवलं ओक्लाहोमा सिटी युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी. हे काम कोमांची माणसाकडेच गेलं, हे फार योग्य झालं.

२०१२ मध्ये ओक्लाहोमा सिटीत पूर्ण चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. कलाकारांच्या वारसांनी त्यात आपली माणसं ओळखली. २०१३ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, झाली.