पाण्यात म्हैस, परदेशात घोडा : आरोग्य प्रमाणपत्र आणि खरेदीपूर्व तपासणी

म्हैस पाण्यात डुंबत असताना काठावर उभे राहून तिचे मोल ठरवणाऱ्याची थट्टा करणारी म्हण मराठीत जुनीच आहे. मुंबईत बसून जर्मनीतला किंवा नेदरलँड्समधला घोडा चार-पाच चित्रफितींवर पसंत करणाऱ्या माणसाची स्थिती फारशी निराळी नसते; मात्र त्याच्या हाती दोन कागद येतात आणि त्या कागदांमुळे आपण घोडा पाहिल्यासारखाच आहे असे त्याला वाटू लागते. एक कागद निर्यातीच्या सरकारी आरोग्य प्रमाणपत्राचा आणि दुसरा खरेदीपूर्व पशुवैद्यकीय तपासणीच्या अहवालाचा. दोन्हींवर पशुवैद्याची सही असते, दोन्हींत घोड्याच्या मानेत बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक असतो, आणि रक्ताच्या नमुन्याचा उल्लेखही दोन्हींत सापडू शकतो. त्यामुळेच ‘सरकारी डॉक्टरचा दाखला मिळणारच आहे, मग वेगळ्या तपासणीवर पैसे कशाला घालायचे?’ हा प्रश्न महालक्ष्मीच्या रेसकोर्सभोवती घोड्यांच्या गप्पा मारणाऱ्या हौशी मंडळींत सहज निघतो. प्रश्न व्यवहारी वाटतो खरा, पण तो गैरसमजावर उभा आहे.

आरोग्य प्रमाणपत्रातला प्रश्न खरेदीदाराचा नसतोच. तो देशाचा असतो. या घोड्याबरोबर एखादा साथीचा रोग आपल्या हद्दीत शिरेल काय, एवढेच आयात करणाऱ्या देशाला जाणून घ्यायचे असते. भारतात या नियंत्रणाचे मूळ १८९८ च्या पशुधन आयात कायद्यात आहे. कोणत्या रोगाबाबत कोणती खात्री हवी, हे केंद्र सरकारचा पशुसंवर्धन विभाग ठरवतो आणि त्या अटी पाळल्या गेल्याचे निर्यात करणाऱ्या देशाचा सरकारी पशुवैद्य लिहून देतो. प्रश्नपत्रिका दिल्लीची आणि उत्तरे परक्या देशातल्या सरकारी पशुवैद्याची, अशी ही व्यवस्था आहे. घोडा मुंबईत उतरला की क्वारंटाइनचे अधिकारी ती उत्तरे ताडून पाहतात. ग्लँडर्स, आफ्रिकन हॉर्स सिकनेस, इन्फ्लुएन्झा, घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय अशी नावे अशा प्रमाणपत्रांत येतात, आणि ती येण्याला कारणे आहेत. ग्लँडर्स माणसालाही होतो. संसर्गजन्य रक्तक्षयावर औषध नाही आणि बाधित घोडा बरा दिसू लागला तरी जन्मभर विषाणू बाळगून राहतो. त्याला ओळखण्यासाठी रक्ताची कॉगिन्स चाचणी करावी लागते. २००८ मध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ भारतात पसरली, तेव्हा हा धोका केवळ कागदावरचा नाही हे रेसच्या तबेल्यांपासून लग्नाच्या घोडीवाल्यांपर्यंत सर्वांना ठाऊक झाले.

या प्रमाणपत्रात घोड्याच्या पायांविषयी जवळजवळ काहीच नसते. संसर्गाची लक्षणे नाहीत आणि घोडा प्रवास करण्याच्या अवस्थेत आहे, एवढे लिहिले की सरकारी पशुवैद्याचे काम संपते. घोडा उडी मारताना कचरतो का, डाव्या वळणावर आखडतो का, त्याच्या पाठीच्या मणक्यांत दोष आहे का, हे त्याला कोणी विचारलेले नसते आणि विचारण्याचे कारणही नाही, कारण गुडघ्याचा संधिवात सीमा ओलांडून दुसऱ्या घोड्याला लागत नाही.

खरेदीपूर्व तपासणीचा प्रश्न नेमका तिथे सुरू होतो. हा घोडा हे काम, या माणसाकडे, पुढची काही वर्षे करू शकेल काय, असे ती विचारते. ब्रिटनमध्ये रूढ असलेली पूर्ण तपासणी पाच टप्प्यांची आहे आणि ते टप्पे समजून घेतले म्हणजे अहवाल वाचताना कुठे थांबायचे हे कळते. पहिल्या टप्प्यात घोडा तबेल्यात उभा असताना हृदय व फुप्फुसे ऐकली जातात, अंधाऱ्या जागेत नेऊन डोळे पाहिले जातात, दात तपासले जातात, प्रत्येक पायावरून हात फिरवून सूज, उष्णता, जुनी जखम शोधली जाते आणि खुराचा तळवा खास चिमट्याने दाबून दुखरी जागा आहे का ते पाहिले जाते. दुसऱ्या टप्प्यात घोड्याला हातात धरून कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालवतात आणि दुडकी घालायला लावतात. एकेक पाय काही काळ दुमडून धरून मग लगेच पळवले की सांध्यातले लपलेले दुखणे पुष्कळदा उघडे पडते. पुढच्या पायात दुखत असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो, हे एकदा ओळखता आले की साध्या चित्रफितीतही दिसू लागते. तिसऱ्या टप्प्यात घोड्याला स्वाराखाली किंवा लांब दोरीवर दमेपर्यंत काम देऊन श्वासाचा आवाज व हृदयाची गती पाहतात. चौथा टप्पा विश्रांतीचा आणि पाचवा पुन्हा दुडकीचा, कारण कामानंतर थंड झालेला घोडा कधी कधी असा लंगडतो की अर्ध्या तासापूर्वीचा घोडा तोच का, असा प्रश्न पडावा.

तपासणीच्या वेळी घेतलेले रक्त ब्रिटनमध्ये सामान्यतः ६ महिने जपून ठेवले जाते. विक्रीच्या दिवशी वेदनाशामक देऊन लंगडेपण किंवा गुंगीचे औषध देऊन तापटपणा लपवला असल्याचा संशय पुढे आला, तर ते रक्त तपासता येते. न पाहता घोडा घेणाऱ्यासाठी मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते. ‘रक्त तपासले आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य मात्र फसवे ठरू शकते, कारण संसर्गासाठी तपासलेल्या रक्तात कोणी वेदनाशामक शोधलेले नसते आणि जपून ठेवलेल्या नमुन्यात कोणी ग्लँडर्स शोधलेला नसतो.

एक्स-रे हा तपासणीचा वेगळा, ऐच्छिक आणि खर्चिक भाग आहे. जर्मनीत पूर्वी एक्स-रेवरून घोड्याला १ ते ४ असा वर्ग देत असत आणि ‘वर्ग दोन आहे’ एवढे ऐकून परदेशी ग्राहक निश्चिंत होत. २०१८ मध्ये तिथल्या पशुवैद्यांनी हे वर्ग काढून टाकले, कारण एका आकड्यात न मावणाऱ्या निष्कर्षांना तो आकडा फसवी निश्चिती देत होता. आजही कोणी केवळ जुना वर्ग सांगून घोडा विकत असेल, तर मूळ छायाचित्रे मागून इथल्या पशुवैद्याला दाखवावीत.

आता दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध कसे जाऊ शकतात ते पाहू. समजा, अमॅच्युअर रायडर्स क्लबात शिकणाऱ्या मुलीसाठी उड्या मारणारा बारा वर्षांचा घोडा पाहिला आहे आणि त्याच्या मागच्या पायांच्या सांध्यांत संधिवात सुरू झालेला आहे. त्याचे रक्त स्वच्छ आहे, ताप नाही, अंगावर संसर्गाचे चिन्ह नाही. त्याला आरोग्य प्रमाणपत्र विनातक्रार मिळेल, तो क्वारंटाइनमधून सुखरूप बाहेर येईल आणि पहिल्याच हंगामात उड्यांना नकार देऊ लागेल. यात कोणी खोटे बोललेले नसेल. उलट बाजूने, दक्षिण स्पेनमधला एखादा देखणा घोडा पाचही टप्पे उत्तम पार करेल, पण त्याच्या रक्तात गोचिडांमार्फत पसरणाऱ्या पायरोप्लाझमोसिसचे परजीवी असू शकतात. असे वाहक घोडे दिसायला ठणठणीत असतात आणि जोमाने काम करतात. तरीही ज्या देशाच्या अटींत त्या रोगाची नकारात्मक चाचणी आहे, त्या देशाचे दार त्यांच्यासाठी बंद राहते.

पैदाशीसाठी जनावर घेणाऱ्याची गफलत आणखी बारीक असते. घोडीच्या प्रमाणपत्रासाठी कधी कधी जननमार्गातले स्वॅब घ्यावे लागतात आणि ते वाचून ‘घोडी गाभण राहण्यास योग्य आहे’ असा अर्थ काढला जातो. ते स्वॅब १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला प्रथम आढळलेल्या संसर्गजन्य मेट्रायटिसच्या, म्हणजे गर्भाशयदाहाच्या, जिवाणूंसाठी असतात. प्रजननक्षमतेविषयी ते काहीही सांगत नाहीत, आणि स्वारीच्या दृष्टीने केलेली पाच टप्प्यांची तपासणीही सांगत नाही. त्यासाठी तिसरीच तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते. वळूघोड्याच्या बाबतीत तर काळजीपूर्वक केलेले लसीकरणच अडचण होऊन बसते. विषाणुजन्य धमनीदाहाची लस दिलेल्या घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडतात आणि ती लसीमुळे आली की संसर्गामुळे, हे त्या रक्तचाचणीवरून ओळखता येत नाही. लसीपूर्वी चाचणी नकारात्मक होती याची नोंद विक्रेत्याने जपली नसेल, तर निरोगी घोडा कागदावर संशयित ठरतो.

दोन्ही कागदांतला सर्वांत व्यावहारिक फरक वेळेचा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. प्रमाणपत्राच्या रक्तचाचण्या निर्यातीपूर्वीच्या ठरावीक दिवसांतच कराव्या लागतात, म्हणून ते विमानाच्या तोंडावर हाती येते. तोवर घोड्याचे पैसे गेलेले असतात, विमानातला खण आरक्षित झालेला असतो, सोबत येणाऱ्या सईसाची व्यवस्था लागलेली असते. प्रमाणपत्र येईपर्यंत थांबू आणि मग निर्णय घेऊ, असे म्हणणारा माणूस निर्णय घेण्याची वेळ उलटल्यावर कागद वाचत असतो. म्हणून खरेदीपूर्व तपासणी सौद्याच्या आधी झाली पाहिजे. त्याच वेळी भारताच्या अटींतल्या मुख्य चाचण्या खासगीरीत्या एकदा करून घेतल्या तर पुढचा धक्का टळतो. विसार देताना ‘तपासणी समाधानकारक ठरल्यास आणि आयातीच्या चाचण्या अनुकूल आल्यास’ ही अट करारात लिहून घेणे थोडे अवघड वाटले तरी आग्रहाने करावे.

तपासणी करणारा पशुवैद्य खरेदीदाराने नेमलेला असावा आणि विक्रेत्याच्या तबेल्यात नेहमी उपचार करणारा नसावा. छोट्या गावात दुसरा पशुवैद्य नसेल, तर निदान ते नाते त्याने उघड सांगावे आणि सांध्यांत इंजेक्शने दिली आहेत का, यासह जुन्या उपचारांची नोंद द्यावी. अहवालात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा शोधू नये. चांगला पशुवैद्य दोष नोंदवतो आणि ठरलेल्या कामासाठी त्याचा धोका किती, ते सांगतो. तेव्हा ते काम त्याला आधी कळवावे लागते. ‘स्वारीसाठी घोडा’ एवढेच कळवले तर उत्तरही तेवढेच मोघम येते. चौदा वर्षांची मुलगी, एक मीटरच्या उड्या, आठवड्यातून पाच दिवस काम, उष्ण व दमट हवा, असे लिहिले तर तोच पशुवैद्य नेमके बोलतो. लाकूड चावत हवा गिळण्याची किंवा दारात उभे राहून सतत डुलण्याची खोड तासा-दोन तासांच्या तपासणीत दिसेलच असे नाही. ती नसल्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

चित्रफितीही याच हिशेबाने मागवाव्यात. विक्रीच्या चित्रफिती बहुधा मऊ वाळूच्या रिंगणात आणि घोड्याच्या सोयीच्या बाजूने काढलेल्या असतात. कठीण जमिनीवर कॅमेऱ्याकडे येणारी व दूर जाणारी दुडकी आणि दोन्ही बाजूंची लहान वर्तुळे स्वतंत्रपणे मागितली, की विक्रेत्याचा सूर कसा बदलतो तेही ऐकण्यासारखे असते. जाता जाता तिसऱ्या एका कागदाविषयी : युरोपातल्या घोड्याचा पासपोर्ट ही त्याची ओळख आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

ज्यांना घोडा इथे आणायचाच नाही, त्यांच्यासाठी भारताचे आरोग्य प्रमाणपत्र हा विषयच उरत नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे (स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने ठरावीक चाली करून दाखवण्याच्या प्रकाराचे) सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चमूत मुंबईचा हृदय छेडा होता आणि त्या चमूचे घोडे युरोपातच राहत आणि तिथूनच स्पर्धेला गेले होते. अशा मालकाला खरेदीपूर्व तपासणीचा अहवाल मात्र तितकाच हवा.

मुंबईत येणाऱ्या घोड्याबाबत एक गोष्ट दोन्ही कागदांच्या आवाक्याबाहेर राहते. घोडा अंगातली उष्णता मुख्यतः घामावाटे टाकतो, आणि थंड देशातून उष्ण व दमट हवेत आलेल्या काही घोड्यांचे घाम येणे हळूहळू कमी होऊन बंद पडते. इंग्रजी अमदानीत बाहेरून भारतात आणलेल्या घोड्यांत हा विकार दिसत असे. नोव्हेंबरातल्या हॉलंडमध्ये तोच घोडा तिसऱ्या टप्प्यानंतर निथळत असेल, म्हणून तिथला पशुवैद्य इथल्या मे महिन्याविषयी काही सांगू शकत नाही. पहिल्या उन्हाळ्यात काम पहाटे उरकावे, काम संपल्यावर खोगीर उतरवून सईसाने मानेखाली आणि पाठीवर हात फिरवून घाम आहे का ते पाहावे, आणि अर्ध्या तासानंतरही श्वास जलद चालत असेल किंवा ताप उतरत नसेल, तर अंगावर थंड पाणी ओतायला सुरुवात करून पशुवैद्याला बोलवावे.