तेलताड: पामतेलाच्या मागचं आफ्रिकी झाड

2022 च्या दिवाळीत महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांवर शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ मिळाला. त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं. हे तेल मलेशिया-इंडोनेशियातून येतं एवढं आपल्याला साधारण ठाऊक असतं. झाड मात्र तिथलं नाही. तेलताड मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांच्या पट्ट्यातला. तेलताडाच्या मळ्यांसाठी बोर्निओ बेटावरची जंगलं तोडण्यावरून होणाऱ्या वादात या माहेराचा उल्लेख क्वचितच येतो.

वर्षावनातलं झाड म्हटलं तरी गर्द सावलीत ते वाढत नाही. त्याला ऊन लागतं. नदीकाठ, पाणथळीची कड, मोठं झाड कोसळून पडलेली मोकळी जागा ही त्याची ठिकाणं. माणसाने कोनफळाच्या जातीच्या कंदांसाठी जंगल तोडलं, तेव्हा तेलताड तेवढे राखून ठेवले. शेत पडीक पडलं की तिथे आणखी उगवले. त्यामुळे आफ्रिकेत तेलताडाची राई दिसली, की तिथे कधीकाळी वस्ती होती असं धरायला हरकत नसते. उत्तर काँगोमध्ये आज जिथे माणूस राहत नाही अशा घनदाट जंगलाखालच्या मातीत या फळांच्या जळक्या कवच्या सापडल्या आहेत. त्यातल्या काही दोन हजार वर्षांच्या आसपासच्या आहेत. ‘अस्पर्श अरण्य’ हा शब्द तिथे जरा जपूनच वापरावा.

गावात या झाडाचं काहीच वाया जात नसे. पुरुष दोरखंडाचा फास कमरेभोवती घेऊन वर चढायचा आणि घड तोडायचा. फळं उकडून, उखळात कांडून किंवा पायांनी तुडवून गरातलं लालभडक तेल काढायचं. आतली टणक बी फोडण्याचं काम बायकांचं. नर फुलोऱ्याच्या रसाची ताडी होई, झावळ्या छपराला जात. नायजेरियाच्या इग्बो भागात गराचं तेल पुरुषाचं आणि बिया बाईच्या, अशी मिळकतीची वाटणीच ठरलेली होती.

1807 मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची जहाजं, आफ्रिकेतल्या ओळखी आणि उधारीची पद्धत तयारच होती. माल तेवढा बदलला. साबण, मेणबत्त्या, रेल्वेचं वंगण, पत्र्याला कथिलाचा मुलामा देणारे कारखाने, सगळ्यांना तेल हवं होतं. 1810 च्या सुमारास ब्रिटनमध्ये वर्षाला हजारेक टन पामतेल उतरत होतं, 1850 च्या दशकात तीस हजार टनांच्या वर गेलं. पामतेलाची मेणबत्ती विकत घेणं म्हणजे गुलामगिरीविरुद्ध हातभार, अशी जाहिरातही लंडनमध्ये झाली. आफ्रिकेच्या आत मात्र तेच तेल काढायला आणि होड्यांतून किनाऱ्यावर आणायला गुलाम राबत होते.

नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशाला इंग्रज ‘ऑईल रिव्हर्स’ म्हणत. तेव्हा खनिज तेलाचा पत्ता नव्हता, हे तेल ताडाचंच. याच भागात लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला जाजा पुढे मोठा व्यापारी झाला आणि 1869 मध्ये त्याने ओपोबो हे स्वतःचं राज्य उभारलं. मधले दलाल टाळून तो थेट ब्रिटनला तेल पाठवू लागला. ते इंग्रज व्यापाऱ्यांना मानवणारं नव्हतंच. 1887 मध्ये बोलणीसाठी बोलावून त्याला पकडलं आणि वेस्ट इंडीजला हद्दपार केलं. 1891 मध्ये परतीच्या वाटेवरच तो वारला.

त्यानंतर आला साबणवाला विल्यम लिव्हर. 1911 मध्ये बेल्जियमने त्याला काँगोत साडेसात लाख हेक्टरपर्यंतच्या ताडवनांचा मक्ता दिला आणि ‘लिव्हरव्हिल’ हे गाव वसलं. शाळा, दवाखाने अशी आश्वासनं करारात होती. प्रत्यक्षात उंच झाडांवर चढून घड तोडायला माणसं जबरदस्तीने आणली जात. 1931 मध्ये तिथल्या पेंडे लोकांनी बंड केलं आणि ते मोडताना शेकडो माणसं मारली गेली.

त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर 1929 मध्ये, पूर्व नायजेरियातल्या ओलोको गावात न्वान्येरुवा ही बाई आपल्या अंगणात ताडाचं तेल काढत होती. घरातली माणसं आणि शेळ्यामेंढ्या मोजायला एक कारकून आला. ‘तुझी आई मोजली होती का?’ असं तिने त्याला सुनावलं आणि दोघांची झटापट झाली. पुरुषांवर कर बसला होताच, तेलाचे भाव पडले होते, आता बायकांवरही कर येणार या समजाने हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मेल्या. अनेक इतिहासकार या उठावाला ‘बायकांचं युद्ध’ म्हणतात, आणि इंग्रजांनी दिलेल्या ‘दंगल’ या नावापेक्षा हेच नाव मला पटतं.

एवढं घडत असताना झाडाने आफ्रिका कधीच सोडली होती. 1848 मध्ये जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात चार रोपं लावली गेली. त्यांचीच संतती सुमात्रात रस्त्याकडेची शोभा म्हणून लागली, 1911 पासून तिचे व्यापारी मळे झाले आणि 1917 मध्ये मलायातही लागवड सुरू झाली. म्हणून ‘साठच्या दशकात मलेशियाने आमच्याकडून रोपं नेली’ ही नायजेरियात वारंवार ऐकू येणारी हळहळ तशी खरी नाही. मलेशियाचे शास्त्रज्ञ 1973 मध्ये तिथे वाण गोळा करायला गेले होते हे खरं, पण तोवर मलेशिया उत्पादनात नायजेरियाच्या पुढे गेला होता.

मळ्यांना लागणारी अक्कलही आफ्रिकेतूनच गेली. जाड कवचीचा ताड आणि बिनकवचीचा ताड यांचा संकर केला, की पातळ कवचीचं, जास्त गराचं फळ मिळतं. हा एकाच जनुकाचा खेळ आहे, हे 1941 मध्ये बेल्जियन काँगोतल्या यांगांबी केंद्रात उलगडलं. आजचे बहुतेक मळे या संकराचेच.

परागीकरणाचा किस्सा तर याहून मजेशीर आहे. मलेशियात कित्येक वर्षं मजूर हाताने पराग शिंपडत, कारण हे झाड वाऱ्यावर फळतं अशी समजूत होती. कॅमेरूनमध्ये मात्र कुणी काही न करता घड गच्च भरत. कीटकतज्ज्ञ रहमान सय्यद यांनी तिथे पाहिलं, तर नर फुलोऱ्याला बडीशेपेसारखा वास येतो आणि त्यावर तीन-चार मिलिमीटरचे सोंड्या भुंगे तुटून पडतात. त्यांची अंडी-अळ्या नर फुलांतच वाढतात. मादी फुलोराही तसाच वास सोडतो. भुंगा फसून तिथे जातो, त्याला काही मिळत नाही, अंगावरचे पराग तेवढे सांडतात. 1981 मध्ये हे भुंगे मलेशियात सोडले आणि हाताने पराग शिंपडायचं काम थांबलं.

आज जगातलं चार पंचमांशाहून जास्त पामतेल मलेशिया आणि इंडोनेशियात निघतं. नायजेरियाला स्वतःच्या गरजेसाठी आयात करावी लागते. भारत तर मोठ्या आयातदारांपैकी एक, म्हणून 2021 मध्ये केंद्राने 11,040 कोटी रुपयांचं खाद्यतेल अभियान तेलताडासाठी मंजूर केलं. त्यात ईशान्य भारत आणि अंदमानवर भर दिल्याने तिथल्या जंगलांचं काय, हा प्रश्न लगेच उठला. कॅमेरूनचा तो भुंगा मात्र भारतात केव्हाच पोहोचला आहे. 1985 मध्ये तो केरळच्या मळ्यांत सोडण्यात आला.