बालव्यक्तिचित्र, निसर्गपार्श्वभूमीवरील

मोकळ्या निसर्गात मुलांना रंगवण्याचा तैलचित्रप्रकार. त्याचे अभिजात यूरोपीय वळण महाराष्ट्रात मुख्यतः मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या (स्थापना १८५७) परंपरेतून रुजले. सोलापूरचा विद्यार्थी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा देऊन पुढे या प्रकाराकडे वळतो.

प्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. मुले आणि निसर्ग यांची सांगड फ्रेंच विचारवंत रूसोच्या ‘एमिल’ या शिक्षणविषयक ग्रंथामुळे (१७६२) पडली, असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु इंग्लिश चित्रकार टॉमस गेन्झबरोने फुलपाखरामागे धावणाऱ्या आपल्या दोन मुली सुमारे १७५६ मध्येच रंगवल्या होत्या. आणि सतराव्या शतकात हॉलंडमधील डॉर्ड्रेख्टचा चित्रकार याकोप काउप मेंढ्यांसह मुलांना माळावर उभे करीतच होता. त्यामुळे डच मुळाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. रूसोने रुळलेल्या आवडीला तात्त्विक बैठक दिली, इतकेच. गेन्झबरोचे चित्र अपुरे राहिले, ते शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडले : चेहरे बरेचसे पुरे, कपडे व झाडी पातळ फटकाऱ्यांत, त्यामुळे थरांचा क्रम उघड दिसतो.

तो क्रम असा : कॅनव्हासवर तपकिरी पातळ थर, मग छायाप्रकाशाचे एकरंगी अंडरपेंटिंग, त्यावर अंगरंग, शेवटी ग्लेझिंग, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचा थर. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवे. उलट झाल्यास तडे जातात. हात चुकतो तो प्रमाणात. प्रौढाची उंची सुमारे साडेसात डोकी (म्हणजे त्याच्या डोक्याच्या उंचीच्या साडेसातपट), दोन वर्षांच्या मुलाची साडेचारच्या आसपास. तान्ह्याचे डोळे डोक्याच्या मध्यरेषेखाली येतात. नाकाशेजारची सावली गडद केली की मूल लगेच पोक्त दिसते.

इंग्लिश चित्रांतला मऊ उजेड सोलापुरात पावसाळी ढगाळ दिवसांतच सापडतो. एरवी सकाळी लवकर बसावे लागते. हिप्परग्याच्या तलावाचा काठ किंवा सिद्धेश्वर तलावाकडून दिसणारा भुईकोट ही सोयीची स्थळे. हुरड्याच्या दिवसांत उभ्या शाळूत मूल बुडून जाते, म्हणून त्याला बांधावर घ्यावे; पिकाची हिरवट झाक हनुवटीखाली उमटते, ती अंगरंगात धरावी लागते. मूल स्थिर बसत नाही, तेव्हा झटपट रेखाटने आणि छायाचित्र यांवरच भिस्त.

पांढऱ्या रंगासाठी जवसाऐवजी करडईचे तेल पुष्कळांना पसंत असते. ते कमी पिवळे पडते, सुकते मात्र सावकाश; म्हणून खालच्या थरांत टाळतात. करडई सोलापूरकडचेच पीक असले, तरी घाण्याचे खाद्यतेल यासाठी वापरू नये. चित्रकामासाठी शुद्ध केलेलेच घ्यावे.