एका पेशीचा जोर मोजणारी चिप

परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातील स्त्रीकेसराच्या टोकावर, पडला की फलन झाले, अशी समजूत अनेकांची असते. प्रत्यक्षात खरे काम तेथून पुढे सुरू होते. परागकणातून एक नलिका फुटते आणि कुक्षीवृंताच्या, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्याच्या, ऊतींमधून वाट काढत दोन पुंयुग्मके (नर जननपेशी) बीजांडापर्यंत पोहोचवते. मक्याच्या कणसावरचा प्रत्येक केस हा कुक्षीवृंतच असतो आणि त्याच्या लांबीभर जाणारी ती नलिका ही एकच पेशी असते. मला वनस्पतिविज्ञानात याहून विलक्षण काही ठाऊक नाही.

ही वाढ ऊतींच्या आड घडते आणि काचपट्टीवर वाढवलेल्या नलिका वाटेल त्या दिशेने पसरून एकमेकींत गुंततात. म्हणून कॅनडातील माँट्रियलच्या संशोधकांनी एक चिप बनवली: पीडीएमएस या पारदर्शक, लवचीक सिलिकॉनमध्ये केसाहूनही बारीक वाहिन्या घडवल्या, त्यांतून पोषक द्रव खेळवला आणि एकेका नलिकेला एकेका वाहिनीत वाढू दिले.

नलिका पुढे सरकते ती आतल्या पाण्याच्या दाबामुळे. हा दाब सर्व दिशांना सारखाच असतो, तरी वाढ केवळ टोकाशी होते, कारण टोकाच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिन हा साखळीसारखा पदार्थ त्याला जोडलेल्या मिथाइल गटांमुळे मऊ राहते. थोडे मागे एक विकर ते गट काढून टाकते, मोकळ्या झालेल्या जागी कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींशी जोडते आणि भित्तिका ताठर होते. दाब मऊ टोकालाच ताणू शकतो.

2013 मध्ये याच संशोधकांनी कॅमेलिया या फुलझाडाच्या नलिकेपुढे तिच्या व्यासाहून अरुंद फट ठेवली. नलिका फटीत शिरली आणि तिने लवचीक भिंती फाकवल्या. भिंती किती वाकल्या त्यावरून गणिताने दाब काढला, तो सुमारे 0.15 मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास दीडपट भरला.

नलिकेला बीजांडाची दिशा सापडते, यावरून वनस्पतींना मन असल्याचे सांगणारे संदेश फिरत असतात. त्यांना आधार नाही. जपानमधील नागोया विद्यापीठात तेत्सुया हिगाशियामा यांच्या गटाने 2009 मध्ये टोरेनिया या फुलझाडाच्या बीजांडातील साहाय्यक पेशींतून स्रवणारी, नलिकेला ओढून घेणारी लहान प्रथिने ओळखली.

नागोयाच्याच चिपवर टोरेनियाची सुमारे 8 मायक्रोमीटर रुंदीची नलिका 1 मायक्रोमीटरच्या फटीतून पार झाली. माँट्रियलच्या प्रयोगात कॅमेलियाच्या काही नलिका मात्र अरुंद फटीतून बाहेर पडताच फुटल्या आणि पुंयुग्मके मोकळी झाली. बीजांडातही असेच घडावे लागते. तेथे रासायनिक संकेतांच्या जोडीला अरुंद वाटेचा यांत्रिक ताणही नलिका फोडण्यास मदत करत असावा, ही शक्यता या प्रयोगामुळे पुढे आली.